भालाफेकीत वारा मदत करतो की अंतर खातो?

पावसाळ्यात नाशिकमध्ये वारा मुख्यतः पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो. मैदानावर भाला पूर्वेकडे फेकायचा असेल तर हा वारा पाठीशी असतो आणि पश्चिमेकडे फेकायचा असेल तर तोंडावर येतो. खेळाडू तोच, ताकदही तीच, तरी अंतर बदलते.

असे का होते?
चांगल्या खेळाडूच्या हातातून भाला साधारण ३० मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी १०८ किलोमीटर वेगाने सुटतो. समोरून ३ मीटर प्रति सेकंद वेगाची झुळूक आली, तर भाल्याच्या दृष्टीने हवेचा वेग ३३ होतो. हवेचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे तो सुमारे २० टक्क्यांनी जास्त लागतो. हाच जोर भाल्याला वर उचलू शकतो आणि मागेही रेटतो. भाल्याचे टोक जरा जास्त वर राहिले, तर रेटाच भारी पडतो.

खेळाडू काय करतात?
समोरचा वारा असेल तर भाला थोडा खालच्या कोनात फेकतात. वारा पाठीमागून असेल तर थोडा उंच फेकता येतो. बहुतेकांना हलका पाठीमागचा वारा आवडतो. आडवा वारा मात्र भाला बाजूला ढकलतो. तो सुमारे २९ अंशांच्या पट्ट्याबाहेर पडला, तर फेक बाद होते.

जुने भाले आणखी तरंगायचे. १९८४ मध्ये पूर्व जर्मनीच्या उवे होन याने १०४.८० मीटर फेक केली. १९८६ पासून पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य ४ सेंटिमीटर पुढे सरकवला गेला, म्हणजे टोक लवकर खाली झुकावे. आजचा विश्वविक्रम यान झेलेझ्नीचा आहे: ९८.४८ मीटर, १९९६.

नियम काय सांगतो?
१०० मीटर धावणे किंवा लांब उडीत पाठीमागचा वारा २ मीटर प्रति सेकंदापेक्षा जास्त असेल, तर विक्रम धरला जात नाही. भालाफेकीला अशी मर्यादाच नाही. वाऱ्याने दिलेले मीटरही खेळाडूच्याच खात्यात जमा होतात.

म्हणून शालेय किंवा जिल्हा निवड चाचणीत वेगवेगळ्या दिवशीचे आकडे शेजारी ठेवून खेळाडू निवडणे धोक्याचे आहे. सर्वांची फेक एकाच दिवशी, एकाच दिशेने घ्यावी. सरावाच्या वहीत अंतरासोबत वाऱ्याची दिशाही लिहावी. दिशा कळायला मैदानाच्या कडेला काठीला बांधलेली एक फीत पुरते.