देवाचा कौल आणि चार ओबोल

ग्रीसमधल्या पार्नासस डोंगराच्या उतारावर डेल्फी हे अपोलोचं देवस्थान. वसाहत वसवावी का, लढाईला निघावं का, लग्न करावं का, असले प्रश्न घेऊन नगरंही इथं कौलाला येत आणि साधी माणसंही. कौल मागण्याआधी देवाला ‘पेलानोस’ वाहायचा. हा मुळात पिठाचा नैवेद्य. पुढं त्याच्या जागी रोख पैसे आले, नाव मात्र तेच राहिलं. इ.स.पू. 400च्या सुमारास डेल्फीनं आशिया मायनरमधल्या फासेलिस नगरासाठी ठरवलेला दर दगडावर कोरलेला आहे. नगराच्या वतीनं कौल मागितला तर सात द्राख्मे दोन ओबोल. एकट्यादुकट्यानं मागितला तर चार ओबोल. सहा ओबोलांचा एक द्राख्मा. म्हणजे नगराला अकरापट दर!

डेल्फीची नाणी एजिना बेटाच्या वजनपद्धतीनं पाडली जात. तिच्यात ओबोल जेमतेम एक ग्रॅम चांदीचा. तीन ओबोलांचं नाणं घेतलं, तरी ते बोटाच्या पेरावर मावतं. त्याच्या एका बाजूला मेंढ्याचं डोकं आणि खाली डॉल्फिन. दुसऱ्या बाजूला, ठशाच्या घावानं उमटलेल्या खोलगट चौकोनात, समोर बघणारं बोकडाचं तोंड आणि दोन्हीकडं दोन डॉल्फिन. या चित्रांत देवस्थानच बोलतं. अपोलोनं डॉल्फिनच्या रूपात क्रीटच्या खलाशांना इथं आणून आपले पुजारी केलं, अशी कथा आहे. कौलाआधी बळीच्या शेळीवर पाणी शिंपडत. ती सर्वांगानं थरथरली तरच देव बोलायला राजी, नाहीतर कौल नाही.

इ.स.पू. 373 मध्ये मंदिर कोसळलं. जीर्णोद्धारासाठी ग्रीकांवर माणशी एक ओबोल वर्गणी बसली. राज्यांच्या मोठ्या रकमांबरोबर व्यक्तींनी दिलेले चार-दोन ओबोलही दगडावर नोंदले गेले. मध्येच इ.स.पू. 356 मध्ये शेजारच्या फोकिसवाल्यांनी देवस्थान बळकावलं. लिडियाचा राजा क्रीसस यानं वाहिलेलं सोनं वितळवून त्यांनी भाडोत्री सैनिकांचे पगार भागवले. दहा वर्षांनी ते हरले आणि त्यांच्यावर वर्षाला साठ टॅलेंट (चांदी तोलायचं मोठं माप) दंड बसला. देवस्थानाकडं नाना नगरांची झिजलेली नाणी साचली होती. इ.स.पू. 336च्या सुमारास, देवस्थानाचा कारभार पाहणाऱ्या राज्यसंघानं, म्हणजे अँफिक्टिओनीनं, ती आटवून आपल्या नावाची चांदीची नाणी पाडली: एकीकडं डोक्यावर पदर घेतलेली डिमीटर देवी, दुसरीकडं बसलेला अपोलो.

डेल्फीच्या चांदीची कुळी ही अशी आहे: नैवेद्य, दर, वर्गणी, दंड. राजानं वाहिलेलं सोनं लुटीत गेलं. देवस्थान पुन्हा उभं राहिलं त्यात माणशी एक ओबोल देणाऱ्यांचाही वाटा होता. म्हणून डेल्फीचा इतिहास वाचताना क्रीससच्या सोन्याइतकाच मान या एक ग्रॅमच्या चांदीला द्यायला हवा.