ऑइल फिल्टर : आटे जुळले म्हणजे सारे जुळले, असे नव्हे

मोटारीच्या देखभालीवर होणाऱ्या एकूण खर्चात इंजिन ऑइलच्या फिल्टरचा वाटा अगदीच किरकोळ असतो. त्यामुळे त्याच्या निवडीकडे वाहनधारकांचे फारसे लक्ष जात नाही. गॅरेजमध्ये 'हाच बसतो' असे सांगून जो डबा बसवला जातो, तो मुकाट्याने स्वीकारला जातो. वास्तविक, इंजिनातील प्रत्येक बेअरिंगपर्यंत पोहोचणारे तेल या छोट्या डब्यातूनच जाते. तो चुकीचा निवडला गेला, तर काही शे रुपयांच्या बचतीपोटी संपूर्ण इंजिन उतरवण्याची वेळ येऊ शकते.

मावळ आणि लोणावळा परिसरात या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंचीवरील लोणावळ्याला मुंबईकडून पोहोचण्यासाठी खोपोलीच्या पायथ्यापासून थोड्या अंतरात पाचशे मीटरहून अधिक चढ चढावा लागतो. पुणे-मुंबई द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्णपणे खुला झाल्यानंतर बोरघाटातील मोटारींची संख्या झपाट्याने वाढली. पावसाळी सुट्ट्यांत भुशी धरणाच्या वाटेवर किंवा जुन्या महामार्गावर तासन्‌तास पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगणारी मोटार किलोमीटर कमी मोजते. पण तिचे इंजिन मात्र सतत चालू असते. अशा वेळी तेल तापते, पातळ होते आणि त्यातील काजळी व धातूचे सूक्ष्म कण गाळण्याची जबाबदारी फिल्टरवर येते.

डब्याच्या आत काय असते?

मोटारीच्या इंजिनातील तेल गाळण्याची पद्धत १९२० च्या दशकात अमेरिकेत रूढ होऊ लागली. अर्नेस्ट स्वीटलँड आणि जॉर्ज ग्रीनहाल्ग यांनी १९२३ मध्ये 'प्युरोलेटर' नावाने असा फिल्टर पुढे आणला. हाताने फिरवून बसवायचा आणि वापरून टाकून द्यायचा बंद डबा, म्हणजेच 'स्पिन-ऑन' फिल्टर, १९५० च्या दशकात आला. त्यापूर्वी इंजिनावरील भांडे उघडून आतील गाळणी तेवढी बदलली जात असे. गंमत अशी, की गेल्या दोन दशकांत अनेक कंपन्या पुन्हा त्याच जुन्या कल्पनेकडे, म्हणजे प्लॅस्टिकच्या झाकणाखालील सुट्या कागदी 'कार्ट्रिज'कडे वळल्या आहेत. त्यात पत्र्याचा डबा वाया जात नाही आणि कचराही कमी होतो.

स्पिन-ऑन फिल्टर कापून पाहिला, तर त्याचे प्रमुख भाग सहज ओळखता येतात. तळाला जाड पत्र्याची चकती असते. तिच्या मध्यभागी आटे असलेले भोक आणि त्याभोवती लहान छिद्रांचे वर्तुळ असते. तेल या लहान छिद्रांतून आत शिरते, घड्या घातलेल्या गाळणीतून बाहेरून आतल्या दिशेने जाते आणि मधल्या भोकातून इंजिनाकडे परतते. गाळणी दबून चपटी होऊ नये म्हणून तिच्या आत छिद्रे पाडलेली नळी असते. गाळणीच्या दोन्ही टोकांना पत्र्याच्या किंवा जाड पुठ्ठ्याच्या टोप्या चिकटवलेल्या असतात. डब्याच्या तळाशी असलेली स्प्रिंग हा सारा संच जागेवर दाबून धरते.

गाळणी साधारणतः सेल्युलोजची, म्हणजे खास प्रक्रिया केलेल्या कागदाची असते. महागड्या फिल्टरमध्ये त्यात काचतंतू किंवा कृत्रिम धागे मिसळलेले असतात. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाडीचा असतो. फिल्टरने पकडायचे कण त्याहून बरेच लहान, साधारण २० ते ३० मायक्रॉनच्या आसपासचे असतात. 'इतक्या मायक्रॉनचा फिल्टर' एवढीच जाहिरात मात्र अपुरी असते. त्या आकाराचे किती कण पकडले जातात, हे सांगणारे 'बीटा' गुणोत्तर अधिक महत्त्वाचे आहे. बीटा २ म्हणजे त्या आकाराचे निम्मे कण पकडले जातात. बीटा ७५ म्हणजे सुमारे ९८.७ टक्के. दोन फिल्टरवर मायक्रॉनचा एकच आकडा छापलेला असला, तरी त्यांच्या कामगिरीत इतका फरक असू शकतो.

दोन झडपा, दोन कामे

फिल्टरची खरी परीक्षा त्यातील झडपांवर होते. पहिली 'बायपास' झडप. कडाक्याच्या थंडीत तेल घट्ट असताना किंवा गाळणी तुंबली असताना तेलाला वाट मिळाली नाही, तर बेअरिंग कोरडी पडतील. अशा वेळी ही झडप उघडते आणि न गाळलेले तेल थेट इंजिनात जाऊ देते. कोरड्या बेअरिंगपेक्षा मळके तेल बरे, हे त्यामागचे तत्त्व. ही झडप किती दाबाच्या फरकाला उघडावी, हे इंजिन बनवणारी कंपनी ठरवते आणि ते प्रत्येक इंजिनासाठी सारखे नसते. काही इंजिनांत ही झडप फिल्टरमध्ये नसून इंजिनाच्या ब्लॉकमध्येच असते. झडप फार कमी दाबाला उघडणारी असेल, तर घाट चढताना तेल वारंवार न गाळताच फिरत राहील; फार जास्त दाबाला उघडणारी असेल, तर गाळणी दबण्याची किंवा फाटण्याची भीती असते.

दुसरी झडप म्हणजे रबराची लवचिक चकती. इंजिन बंद झाल्यावर फिल्टरमधील तेल पुन्हा तळाच्या टाकीत उतरू न देणे हे तिचे काम. फिल्टर आडवा किंवा उलटा बसवलेला असेल, तर तिचे महत्त्व अधिक. लोणावळा, खंडाळा आणि कार्ल्याच्या परिसरातील बंगल्यांत आठवडेच्या आठवडे उभ्या राहणाऱ्या मोटारींच्या बाबतीत तर ती निर्णायक ठरते. ती गळकी असली, की शनिवारी गाडी सुरू करताच पहिले काही क्षण इंजिनातून खडखड ऐकू येते आणि तेलाच्या दाबाचा दिवा विझायला वेळ लागतो. ही चकती नायट्राइल रबराची किंवा सिलिकॉनची असते. सततच्या उष्णतेने नायट्राइल कालांतराने कडक होते. सिलिकॉन तुलनेने अधिक काळ लवचिक राहते. बाहेरून हुबेहूब दिसणाऱ्या दोन डब्यांच्या किमतीत फरक असण्याचे हे एक कारण आहे.

अदलाबदल : धोका कुठे?

एका गाडीचा फिल्टर दुसरीला चालतो का, या प्रश्नाचे उत्तर 'कधी कधी' असे आहे. अनेक इंजिनांसाठी एकाच मापाचे फिल्टर खरोखरच वापरले जातात. तथापि 'बसतो' आणि 'चालतो' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मोटारींच्या फिल्टरमध्ये इंची मापाचा पाऊण इंच, सोळा आटे आणि मेट्रिक मापाचा २० मि.मी., दीड मि.मी. अंतराचा आटा, असे दोन आटे सर्रास आढळतात. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मि.मी.; आणि इंचाला सोळा आटे म्हणजे दोन आट्यांमधील अंतर सुमारे १.५९ मि.मी. दोन्ही मापे इतकी जवळची आहेत, की २० मि.मी.चा फिल्टर पाऊण इंची खुंटावर सहज चढतो. रबरी वायसर टेकतो, डबा घट्ट झाल्यासारखा वाटतो आणि गॅरेजमध्ये इंजिन सुरू केल्यावर गळतीही दिसत नाही. प्रत्यक्षात आट्यांची पकड निम्म्याहूनही कमी खोलीची असते. थंड इंजिनाचा वेग वाढवताच तेलाचा दाब वाढतो आणि असा डबा निसटून काही क्षणांत सारे तेल रस्त्यावर सांडू शकते. घाटातील वळणावर हे घडले, तर इंजिन तर जातेच. शिवाय मागून येणाऱ्या दुचाकीस्वारांसाठी रस्ता घसरडा होतो. उलट प्रकार, म्हणजे पाऊण इंची फिल्टर २० मि.मी. खुंटावर, सुरुवातीलाच अडतो. धोका आहे तो सहज बसणाऱ्या फिल्टरचाच.

आट्यांखेरीज वायसरचा बाहेरचा व आतला व्यास, डब्याची उंची व जाडी, बायपास झडप आहे की नाही व ती किती दाबाला उघडते, आणि परतीची झडप, हे सारे जुळावे लागते. 'मोठा फिल्टर म्हणजे जास्त गाळणी' हे म्हणणे तत्त्वतः बरोबर असले, तरी लांब डबा सायलेन्सरच्या तापलेल्या नळीला टेकत नाही ना किंवा खाली येऊन गतिरोधकाला घासणार नाही ना, हे पाहणे आवश्यक ठरते.

कार्ट्रिज प्रकारात आटे झाकणाला असल्याने चूक वेगळ्या रीतीने होते. गाळणीची लांबी दोन-तीन मिलिमीटरने कमी पडली, तरी झाकण व्यवस्थित बंद होते. परंतु टोकाशी राहिलेल्या फटीतून तेल गाळले न जाताच निघून जाते. काही गाळण्यांच्या तळाला असलेली छोटी प्लॅस्टिकची खुंटी भांड्यातील निचऱ्याचे भोक बंद करते. खुंटी नसलेली गाळणी बसवली, तर दाबाखालील तेल त्या भोकातून थेट टाकीत परतते. बाहेर एक थेंबही गळत नसल्याने हा दोष लवकर लक्षात येत नाही.

तळेगावच्या गाड्यांचा धडा

फिल्टरच्या अदलाबदलीचा प्रश्न मावळात केवळ सैद्धांतिक नाही. तळेगाव दाभाडे येथे जनरल मोटर्सचा कारखाना २००८ मध्ये सुरू झाला. २०१७ अखेर कंपनीने भारतातील शेव्हरोले मोटारींची विक्री थांबवली. निर्यातीसाठीचे उत्पादनही डिसेंबर २०२० मध्ये बंद झाले आणि पुढे हा कारखाना ह्युंदाईने घेतला. विक्रीपश्चात सेवा सुरू ठेवण्याचे कंपनीने जाहीर केले होते. तरीही गाव सोडून गेलेल्या ब्रँडच्या गाड्या जसजशा जुन्या होत जातात, तसतसे त्यांचे मालक स्थानिक गॅरेज आणि पर्यायी सुट्या भागांवर अधिक अवलंबून राहतात.

याच संदर्भात १.३ लिटर मल्टिजेट डिझेल इंजिनाचे उदाहरण बोलके आहे. फियाटने विकसित केलेले हे इंजिन मारुती स्विफ्ट, टाटा इंडिका व्हिस्टा, फियाट पुंटो आणि शेव्हरोले सेल अशा अनेक गाड्यांत वेगवेगळ्या नावांनी आले. पुणे जिल्ह्यातीलच रांजणगाव येथे फियाट-टाटा यांच्या संयुक्त कारखान्यात ते तयार होत असे. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ निकषांमुळे ते नव्या गाड्यांतून गेले. रस्त्यावर मात्र ते अजून मोठ्या संख्येने आहे. इंजिन एकच, तेव्हा फिल्टरही एकच, असा तर्क येथे केला जातो. परंतु इंजिनाचा गाभा समान असला, तरी फिल्टरचे भांडे आणि झाकण गाडीनुसार बदलू शकते. म्हणून इंजिनाच्या नावावरून नव्हे, तर गाडीचे मॉडेल, वर्ष आणि भाग क्रमांक यांवरूनच फिल्टर घ्यावा लागतो.

ओरिजिनल, पर्यायी आणि डुप्लिकेट

या तिन्हींत गल्लत करू नये. मोटार कंपनीच्या खोक्यातील फिल्टर बहुधा फिल्टर बनवणाऱ्या स्वतंत्र कंपनीनेच तयार केलेला असतो. बॉश, मान प्लस हुमेल, माहले, एलोफिक यांसारख्या कंपन्या स्वतःच्या नावानेही फिल्टर विकतात. त्यांच्या यादीत त्या गाडीचा स्पष्ट उल्लेख असेल, तर असा पर्यायी फिल्टर वापरण्यास हरकत नाही. डुप्लिकेट म्हणजे नामांकित कंपनीचे खोके व रंग यांची नक्कल केलेला माल. त्यात गाळणीच्या घड्या कमी असणे, टोप्या नीट न चिकटवलेल्या असणे, किंवा झडपच नसणे, असे काहीही असू शकते. डबा हातात घेतल्यावर वजन कमी लागणे, छपाई पुसट असणे, बॅच क्रमांक नसणे आणि किंमत संशयास्पदरीत्या कमी असणे, या खुणा लक्षात ठेवाव्यात.

वॉरंटीबाबतही गैरसमज आहेत. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये सुट्या भागांच्या प्रश्नावर १४ मोटार कंपन्यांविरुद्ध आदेश देऊन एकूण २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. ग्राहकाने स्वतंत्र गॅरेजकडून काम करून घेतले, एवढ्याच कारणाने सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये, असेही आयोगाने बजावले. या आदेशाला पुढे आव्हान देण्यात आले. व्यवहारात मात्र वॉरंटीच्या काळात कंपनीने मान्य केलेला भाग वापरणे आणि प्रत्येक कामाचे पक्के बिल जपून ठेवणे हाच शहाणपणा ठरतो.

बसवताना घ्यायची काळजी

जुना फिल्टर काढल्यावर त्याचा रबरी वायसर इंजिनाला चिकटून राहिलेला नाही ना, हे आधी पाहावे. एकावर एक दोन वायसर आले, तर गळती होते. नव्या वायसरला तेलाचे बोट लावावे. वायसर टेकल्यानंतर डब्यावर दिलेल्या सूचनेनुसार, साधारणतः पाऊण फेरा, हातानेच आवळावा. घट्ट करण्यासाठी पाना वापरू नये. कार्ट्रिजच्या झाकणाची रबरी रिंग दरवेळी बदलावी आणि झाकणावर छापलेल्या ताकदीनेच ते आवळावे. त्यानंतर इंजिन सुरू करून तेलाच्या दाबाचा दिवा विझल्याची खात्री करावी, गळती तपासावी आणि इंजिन बंद करून काही मिनिटांनी डिपस्टिकवर पातळी पाहावी.

तेल आणि फिल्टर नेहमी एकत्रच बदलावेत. घाटातील नित्य प्रवास, वाहतूक कोंडी आणि छोट्या फेऱ्या यांना कंपन्यांच्या पुस्तिकेत बहुधा 'कठीण परिस्थिती' मानलेले असते आणि तिच्यासाठी कमी अंतराचे वेळापत्रक दिलेले असते. शक्य असल्यास काढलेला फिल्टर मेकॅनिककडून कापून घ्यावा. गाळणीच्या घड्यांत चकाकणारे धातूचे कण दिसले, तर ती पुढील बिघाडाची आगाऊ सूचना असते. वापरलेला फिल्टर आणि काळे तेल ओढ्यात किंवा गटारात न टाकता गॅरेजमार्फत अधिकृत संकलकाकडे द्यावे. मावळातील पाणी इंद्रायणी आणि पवनेतूनच पुढे शहरांकडे जाते.

थोडक्यात, फिल्टर निवडताना 'बसतो का' हा प्रश्न शेवटचा असावा. त्याआधी भाग क्रमांक, आट्यांचे माप, झडपा आणि बिल या चार गोष्टी तपासल्या, तर घाटाच्या मध्यावर बॉनेट उघडून उभे राहण्याची वेळ सहसा येत नाही.