सुटीतल्या कादंबऱ्या आणि ‘श्यामा’चा खटला

मे महिन्याची सुटी लागली, की एके काळी शाळा-कॉलेजातली मुलं-मुली वाचनालयाची वाट धरत. आंब्या-फणसाचे दिवस, दुपारी घर निजलेलं आणि हातात चंद्रकांत काकोडकरांची कादंबरी! आळीत काय नि आमच्या मोहल्ल्यात काय, वडीलधाऱ्यांची तक्रार एकच : असल्या पुस्तकांनी पोरं बिघडतात.

हा प्रश्न एकदा थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात काकोडकरांची ‘श्यामा’ ही कथा आली. रेडिओत नोकरी करणारा कवी निशिकांत आणि त्याच्या आयुष्यात आलेल्या स्त्रिया, असा तिचा विषय. अश्लीलतेचा खटला झाला. खालच्या कोर्टानं लेखकाला निर्दोष सोडलं. उच्च न्यायालयानं दोषी ठरवून २५ रुपये दंड केला. ऑगस्ट १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती शिक्षा रद्द केली. किशोरवयीनांनी असे प्रसंग वाचले म्हणून ते बिघडतीलच, असं खात्रीनं म्हणता येत नाही. आयुष्यातही असे प्रसंग त्यांच्यापुढे येऊ शकतात, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं. त्याच वर्षी काकोडकरांच्या ‘नीलांबरी’वर बेतलेला ‘दो रास्ते’ हा हिंदी चित्रपट आला.

निकाल योग्यच होता. पण कोर्टापुढं प्रश्न होता तो अश्लीलतेचा. या प्रेमकथा तरुण वाचकाला शिकवतात काय, हे तपासणं आपलं, वाचकांचं काम. ते आपण केलं नाही. नायिकेचा नकार म्हणजे लाजणं. नायकानं पिच्छा सोडायचा नाही. लग्न झालं की सगळे प्रश्न मिटले, हे धडे अशा कित्येक कथांतून मुकाट्यानं गिरवले गेले. जात, धर्म, हुंडा, मुलीचं शिक्षण यांचा काच तिथं फारसा जाणवत नसे. मोहल्ल्यातली मुलगी नायिका म्हणून मला तरी क्वचितच भेटली. संस्कृतिरक्षकांना चुंबन तेवढं दिसलं. मुलीच्या मनाचा कौल कुणी घेतलाच नाही, हे दिसलं नाही.

आता कादंबरीची जागा मोबाइलनं घेतली आहे. प्रेमकथा मुलं वाचणार, पाहणार; बंदी घालून काही साधत नाही. वाचून झाल्यावर त्यांना एवढंच विचारावं : यात त्या मुलीला काय हवं होतं? आणि ते तिला कुणी विचारलं का?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)