द्राक्षातील भुरी : औषध बदलले, पण गट बदलला का?
अ‍ॅझॉक्सीस्ट्रोबिन फवारूनही भुरी हटेना, म्हणून पुढच्या फवारणीला क्रेसॉक्झिम मिथाईल घेतले जाते. डबा नवा, गट मात्र तोच! दोन्ही घटक बुरशीच्या श्वसनक्रियेत एकाच जागी अडथळा आणतात. तिथल्या जनुकात एक बदल झाला, की या गटातील सगळीच औषधे निकामी ठरतात. मात्रा वाढवूनही उपयोग नसतो. साधी बुरशी मरते, प्रतिकारक्षम तेवढी उरते आणि पसरते. त्यामुळे व्यापारी नाव न पाहता लेबलवरील घटक वाचावा व एकाच गटाची सलग फवारणी टाळावी. गंधक बुरशीवर अनेक ठिकाणी घाव घालते. म्हणूनच १८५०च्या दशकापासून वापरात असूनही ते आजही लागू पडते. मात्र तापमान ३५ अंशांपुढे असताना गंधक फवारू नये, पाने व मणी करपतात.