लाल ठिपक्याचा इतिहास : डब्लिनच्या दुर्बिणीपासून पेंटबॉलच्या मैदानापर्यंत

आजच्या भागाला निमित्त आहे एका श्रोत्याचा प्रश्न. पेंटबॉलच्या मार्करवर रेड डॉट साईट लावावी का, आणि लावली तर ती जुळवायची कशी? मला वाटतं, या प्रश्नाचं अर्धं उत्तर इतिहासातच आहे. म्हणून आधी तिकडे जाऊ.

साध्या बंदुकीवर नेम धरताना तीन गोष्टी एका रेषेत आणाव्या लागतात. डोळ्याजवळची खाच, नळीच्या टोकावरची माशी आणि समोरचं लक्ष्य. अडचण अशी की डोळा एका वेळी एकाच अंतरावर नीट पाहू शकतो. माशी स्पष्ट दिसली की लक्ष्य धूसर, लक्ष्य स्पष्ट दिसलं की माशी धूसर. चाळिशी लागलेल्यांना हे वेगळं सांगायला नको!

यावर उपाय काढला तो डब्लिनच्या हॉवर्ड ग्रबने, १९०० साली. हा माणूस मूळचा दुर्बिणी बनवणारा. आपल्या पुण्याशीही त्याचं नातं आहे बरं का. प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीमध्ये, महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी केली. तिथली मोठी दुर्बीण ग्रबच्याच कारखान्यातली. १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाली आणि ती दुर्बीण कोडाईकनालला गेली. तिथे ती भावनगर दुर्बीण म्हणून ओळखली जाते.

ग्रबची युक्ती दुर्बिणीच्याच शास्त्रातून आली. भिंगाच्या बरोबर नाभीवर एक उजळलेली खूण ठेवायची. भिंगातून तिचे किरण समांतर होऊन बाहेर पडतात. ते तिरक्या काचेवरून परावर्तित होऊन डोळ्यात आले की ती खूण दूर, लक्ष्याच्याच जागी तरंगल्यासारखी दिसते. डोकं थोडं इकडेतिकडे हललं तरी ती लक्ष्यावरून फारशी सरकत नाही. तिनाच्या जागी आता दोनच गोष्टी जुळवायच्या.

१९१८ मध्ये ही साईट जर्मन लढाऊ विमानांवर दिसू लागली. दुसऱ्या महायुद्धात स्पिटफायर आणि हरिकेनच्या वैमानिकांसमोर तीच होती. पण तिथे एक गोष्ट लक्षात आली. नळी कुठे रोखली आहे हे साईट सांगते, गोळी कुठे जाईल हे नाही. वळणाऱ्या विमानावर मारायचं तर त्याच्या किती पुढे मारायचं, हे वैमानिकालाच ठरवावं लागे. म्हणून पुढे जायरो साईट आली, ती हा हिशोब स्वतः करून खूण सरकवायची.

मग १९७५ मध्ये स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने बल्बच्या जागी छोटा एलईडी वापरून हातातल्या बंदुकीसाठी इलेक्ट्रॉनिक रेड डॉट आणला. आज आपण रेड डॉट म्हणतो ती हीच घराणी.

आता पेंटबॉल. मार्कर हे नाव उगाच पडलेलं नाही. अमेरिकेतल्या नेल्सन पेंट कंपनीचं हे हत्यार तोडायच्या झाडांवर आणि गुरांवर रंगाची खूण करायला होतं. त्यातलं नेल-स्पॉट ००७ हे मॉडेल डेझी कंपनीने बनवलं. २७ जून १९८१ ला न्यू हॅम्पशायरमधल्या हेनिकर इथे १२ जणांनी तेच घेऊन पहिला खेळ मांडला.

रंगाची गोळी म्हणजे जिलेटिनची कॅप्सूल. व्यास साधारण १७ मिलिमीटर, वजन सुमारे ३ ग्रॅम. मैदानावर वेगाची मर्यादा सहसा सेकंदाला ३०० फूट, म्हणजे ९१ मीटरच्या आसपास, अनेक ठिकाणी त्याहून कमी. हवेचा अडथळा धरला नाही तरी २० मीटरवर पोचेपर्यंत ती सुमारे २४ सेंटीमीटर खाली येते. प्रत्यक्षात त्याहून जास्त. शिवाय ती रायफलच्या गोळीसारखी फिरत जात नाही, त्यामुळे भरकटतेही.

म्हणून माझं म्हणणं असं. महागडी, फार बारीक ठिपक्याची साईट घेऊ नका. साईटच्या स्क्रूची एक एमओए २० मीटरवर जेमतेम ६ मिलिमीटर भरते, गोळी स्वतःच तिच्या जवळजवळ तिप्पट रुंद! काच मोठी असलेली, बैठकीला घट्ट बसणारी साईट बघा. ती उंच बैठकीवर हवी, कारण मास्क घातल्यावर गाल खाली टेकत नाही आणि वर गोळ्यांचा डबाही आडवा येतो.

जुळवताना क्रम चुकवू नका. आधी क्रोनोग्राफवर वेग ठरवा. वेग बदलला की सगळं बदलतं, आणि सीओटूचा दाब थंडी-उन्हात बदलतोच. नळीत नीट बसणाऱ्या गोळ्या घ्या. मार्कर टेकवून, जिथे तुम्ही जास्त खेळता त्या अंतरावर, समजा २० मीटरवर, दहा गोळ्या मारा. एका गोळीकडे बघून स्क्रू फिरवू नका, दहांच्या डागांचा मध्य बघा. वरच्या स्क्रूने वर-खाली, बाजूच्या स्क्रूने डावी-उजवी. मग पुन्हा दहा. ठिपका जेवढा मंद ठेवून दिसेल तेवढा मंद ठेवा, आणि दोन्ही डोळे उघडे.

आणि हे मात्र काळजीपूर्वक ऐका. ठिपका नीट दिसत नाही म्हणून मास्क वर करायचा मोह इथेच होतो. अजिबात करू नका. याच वेगाने आलेली गोळी डोळा कायमचा घालवू शकते. मास्कमधून ठिपका दिसत नसेल तर बैठक बदला किंवा साईट काढून ठेवा.

साईटशिवायही खेळ अडत नाही. हेनिकरचा तो पहिला सामना जिंकला रिची व्हाइट या वनपालाने. सगळे झेंडे त्याने गोळा केले, आणि शेवटपर्यंत एकही गोळी झाडली नाही. त्याला जंगलात न दिसता चालता येत होतं, एवढंच.

तर मंडळी, साईट लावा, जुळवा, पण मास्क चढवूनच. भेटू पुढच्या भागात.