हरकतीचा रकाना : जामनेर परिसरातील मिळकतीच्या नोंदी आणि विक्रीची संकेतस्थळे

घरे, प्लॉट आणि शेतजमिनी यांच्या विक्रीची यादी ग्राहकांपुढे ठेवणारे संकेतस्थळ उभारताना पहिला निर्णय तांत्रिक नसतो. एका मिळकतीविषयी कोणती माहिती नोंदवायची, ती कोणी पुरवायची आणि त्या नोंदीचा खर्च कोणी सोसायचा, हे ठरवणे म्हणजेच अशा यादीची खरी आखणी होय. जळगाव जिल्ह्यातील जामनेरसारख्या तालुक्याच्या ठिकाणी हा निर्णय गेल्या पावणेदोनशे वर्षांत अनेकदा घेतला गेला आणि दर वेळी ज्याने नोंदवही मागवली त्याच्या गरजेप्रमाणे तिचे रकाने आखले गेले.

जामनेर ज्यात मोडते तो खानदेश १८१८ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात आला, परंतु शेतांची शास्त्रशुद्ध मोजणी या प्रांतात शतकाच्या मध्यास सुरू झाली. विंगेट आणि गोल्डस्मिड या अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात १८३५-३६ च्या सुमारास घडवलेली आणि १८४७ च्या संयुक्त अहवालात नियमबद्ध झालेली ही पद्धत होती. तिच्यात प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर देण्यात येई, हद्दीवर दगड व बांध घालण्यात येत आणि मातीचा रंग, पोत व खोली पाहून जमिनीची प्रत सोळा आण्यांपासून दोन आण्यांपर्यंतच्या नऊ वर्गांत ठरवली जाई. खानदेशातील शेतकऱ्यांना ही मोजणी सारावाढीची नांदी वाटली आणि १८५२ मध्ये सावदा, फैजपूर, एरंडोल या भागांत तिला इतका प्रखर विरोध झाला की तो मोडण्यासाठी सरकारला लष्कराची मदत घ्यावी लागली. तो विरोध अडाणीपणाचा म्हणून बाजूला सारणे योग्य नाही, कारण आपल्या शेताचे वर्णन कोण करतो आणि कशासाठी करतो, हाच प्रश्न त्यामागे होता. मोजणीचे रकाने आकारणीसाठी होते. त्यांत मातीची प्रत होती, क्षेत्र होते, सारा भरणाऱ्याचे नाव होते, परंतु त्या शेतावर भावाचा हिस्सा आहे की सावकाराचे गहाण आहे, हे त्यांत नव्हते.

तरीही या मोजणीने जमिनीच्या बाजाराचा पाया घातला. सर्व्हे नंबरावरील कब्जा वंशपरंपरागत आणि हस्तांतरणीय ठरला, आकारणी सर्वसाधारणपणे तीस वर्षांसाठी निश्चित झाली आणि त्यामुळे जमीन तारण ठेवण्याजोगी व विकण्याजोगी वस्तू बनली. पाठोपाठ अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१ ते १८६५) कापसाचे भाव कडाडले आणि त्याच दशकात रेल्वे भुसावळपर्यंत आली, तेव्हा खानदेशातील काळ्या जमिनीला मागणी आली आणि कर्जही आले.

खरेदीखताची सक्तीची नोंदणी १८६४ च्या कायद्यापासून सुरू झाली आणि १९०८ च्या नोंदणी अधिनियमात तिला आजचे रूप मिळाले. शंभर रुपये व त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीचा विक्रीदस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा लागतो आणि तेथे दोन सूची ठेवल्या जातात: पहिली व्यक्तींच्या नावांची आणि दुसरी मिळकतींची. ही दुसरी सूची लोकांच्या तोंडी ‘इंडेक्स टू’ म्हणून रुळली आहे आणि ठरावीक शुल्क भरून ती कोणालाही पाहता येते, म्हणून झालेल्या विक्रीची सार्वजनिक यादी असे तिला म्हणता येईल. मात्र विकणारा खरोखर मालक आहे की नाही याची ग्वाही निबंधक देत नाही. तो दस्त नोंदवतो, हक्क ठरवत नाही. हक्कांची उणीव भरून काढण्यासाठी मुंबई इलाख्यात १९०३ चा हक्कनोंदणीचा कायदा आला आणि त्यातूनच पुढे गाव नमुना सात व बारा यांचा मिळून होणारा सातबारा उतारा घरोघरी पोचला. सातबाऱ्यावरील नोंदही उलट सिद्ध होईपर्यंतच खरी मानली जाते.

कोणतीही वही संपूर्ण नसल्यामुळे समाजाने आणि कायद्याने मिळून एक वेगळी सोय जपली होती: व्यवहार पक्का होण्यापूर्वी इतरांना हरकत घेण्याची संधी देणे. पेशवाईपूर्व आणि पेशवाई काळातील मिरासपत्रांवर, म्हणजे वंशपरंपरागत जमीनहक्काच्या दस्तांवर, पाटील, कुलकर्णी आणि शेजारी यांच्या साक्षी असत, कारण बांध कोणाचा आणि वाट कोणाची हे त्यांनाच ठाऊक असे. लिलावाची दवंडी पिटली जाई, तीही केवळ गिऱ्हाईक गोळा करण्यासाठी नव्हे, तर हक्क सांगणाऱ्याने पुढे यावे यासाठी. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ या कायद्यानुसार फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याची नोंद, तलाठ्याने वहीत घेतल्यावर संबंधितांना नोटीस जाते, तिची प्रत चावडीवर लागते आणि हरकतीची मुदत संपल्यावरच मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो. वकिलामार्फत वर्तमानपत्रात येणारी ‘जाहीर नोटीस’ हेही याच परंपरेचे रूप आहे. तिच्यात मिळकतीचा गट नंबर, क्षेत्र आणि चतुःसीमा, म्हणजे चारही दिशांना कोणाची मिळकत आहे, हे देऊन कोणाचा वारसाहक्क, गहाण वा बोजा असल्यास मुदतीत कळवावे असे सांगितलेले असते.

दलालाचे स्थान या सर्व कागदांच्या मधल्या मोकळ्या जागेत होते. जामनेर, पहूर, शेंदुर्णी किंवा नेरी परिसरातील जमीन विकत घेणाऱ्याला जे जाणून घ्यायचे असते, त्यातील बरेच काही उताऱ्यावरून कळत नाही: सामाईक विहिरीत पाण्याची पाळी किती दिवसांनी येते, शेतापर्यंत बैलगाडी जाण्याची वाट वहिवाटीची आहे की शेजाऱ्याच्या मर्जीची, विवाहित बहिणींनी हक्कसोड करून दिली आहे की नाही. चांगला दलाल हे तोंडी सांगे आणि त्याची पत गावात त्यावरच टिके.

संकेतस्थळांचा प्रवेश झाला तो मोठ्या शहरांतील सदनिकांच्या बाजारातून. ‘९९एकर्स’ २००५ मध्ये, ‘मॅजिकब्रिक्स’ २००६ मध्ये आणि मुंबईत शिकलेल्या तरुण अभियंत्यांनी काढलेले ‘हाउसिंग डॉट कॉम’ २०१२ मध्ये सुरू झाले. ग्राहकाला दलालाच्या दारी न जाता घरबसल्या तुलना करता यावी, हा त्यामागचा हेतू मोलाचा होता आणि खरेदीदारासाठी आखलेली इतकी मोठी मिळकत-यादी भारतात यापूर्वी नव्हती. परंतु या यादीचा खर्च मुख्यतः विकासक आणि दलाल यांच्या जाहिरातींतून निघू लागला, त्यामुळे शयनगृहांची संख्या, सजावट, छायाचित्रे आणि अपेक्षित किंमत हे रकाने ठळक झाले, तर बोजा, भोगवट्याचा वर्ग किंवा बिनशेती परवानगी हे रकाने मागे पडले. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून दलालांनी आपापसांत याद्या वाटून घेण्याची जी प्रथा पाडली, तिच्यात निदान चुकीची माहिती देणारा सहव्यावसायिकांना उत्तरदायी असे. येथे तशी शिस्त लावणारी संस्था प्रारंभी नव्हती.

ती उणीव २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने अंशतः भरून काढली. १ मे २०१७ पासून कार्यरत असलेल्या महारेराकडे, म्हणजे या कायद्याखालील राज्याच्या नियामक प्राधिकरणाकडे, नोंदणी केल्याशिवाय प्रकल्पाची जाहिरात करता येत नाही, दलालालाही नोंदणी लागते आणि १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोड देणे बंधनकारक झाले. ही सुधारणा मोठी आहे. पण पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरील किंवा आठपर्यंत सदनिकांच्या प्रकल्पाला नोंदणीची सक्ती नाही, आणि जुने घर वा एकटा प्लॉट मालकाने पुन्हा विकला तर तो व्यवहारही या चौकटीत येत नाही. तालुक्याच्या गावातील अनेक व्यवहार नेमके याच प्रकारचे असतात. गावठाणातील, म्हणजे वस्तीच्या जुन्या हद्दीतील, घरांना तर सातबाराच नसतो. नगर भूमापन झाले असेल तेथे मिळकत पत्रिका असते, अन्यथा कराच्या नोंदीवर भागवावे लागते. २०२० मध्ये देशभर जाहीर झालेल्या स्वामित्व योजनेत, जिची पथदर्शी चाचणी पुणे जिल्ह्यातील सोनोरी गावात झाली होती, ड्रोनने गावठाणे मोजून मिळकत पत्रिका देण्याचे काम हाती घेतले गेले ते याच कारणाने.

आज १ मे २०१८ पासून मिळणारा डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आणि नोंदणी विभागाची ई-शोध सुविधा यांमुळे जामनेर तालुक्यासाठी एखाद्या संस्थेने असे संकेतस्थळ बनवून घ्यायचे ठरवले, तर तिला कोऱ्या पाटीवरून आरंभ करावा लागणार नाही. तिने कंत्राटाच्या मसुद्यातच गट नंबर, भोगवटादार वर्ग, इतर हक्कांतील बोजा, रस्ता आणि पाण्याची पाळी हे रकाने सक्तीचे करावेत. भोगवटादार वर्ग दोनची जमीन असेल तर विक्रीपूर्वी सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते हेही तेथेच सांगावे, आणि बिगरशेतकऱ्याला शेतजमीन परवानगीशिवाय घेता येत नाही ही कुळकायद्याची अट ग्राहकाने पैसे मोजण्यापूर्वी त्याच्या नजरेस पडेल अशी ठेवावी. त्याखेरीज प्रत्येक मिळकतीच्या पानावर चावडीवरील नोटिशीप्रमाणे ठरावीक मुदतीचा एक हरकतीचा रकाना असावा. शेजारी, वारस किंवा धनको यांना त्यात आपले म्हणणे कागदपत्रासह नोंदवता यावे, खोडसाळ हरकत गाळण्याची जबाबदारी संस्थेने नेमलेल्या वकिलाकडे असावी आणि मुदत संपेपर्यंत इसार, म्हणजे आगाऊ रक्कम, स्वीकारण्याची सोय त्या पानावरून उघडू नये. असा रकाना ठेवल्याने विकणाऱ्यांच्या जाहिराती घटतील, ही भीती रास्त आहे, आणि म्हणूनच त्याचा खर्च खरेदीदाराच्या माफक शुल्कातून किंवा पतसंस्थांसारख्या तारण घेणाऱ्या संस्थांच्या वर्गणीतून भागवण्याची तजवीज आराखड्याच्या पहिल्याच टप्प्यात करावी लागेल.