मुंबई पद्धतीची कोरडवाहू शेती : एक मागोवा

सोलापूर आणि विजापूर हे जिल्हे १९५६ पर्यंत मुंबई राज्यात एकत्र नांदत होते. भाषावार प्रांतरचनेने त्यांच्यामध्ये सीमारेषा आली. जमीन मात्र तीच राहिली. काळी, भेगाळणारी, लहरी पावसावर शाळू पिकविणारी. भारतातील कोरडवाहू शेतीच्या संशोधनाचे आद्य पर्व याच टापूत घडले, याचे स्मरण आज फारसे कोणी ठेवीत नाही.

१९२३ मध्ये पुण्याजवळ मांजरी येथे ताम्हाणे यांनी या अभ्यासास प्रारंभ केला. १९३३ नंतर सोलापूर, विजापूर, रायचूर, हगरी व रोहतक येथे संशोधन केंद्रे निघाली. सोलापूरच्या कामाशी निगडित असलेले कानिटकर यांचा भारतातील कोरडवाहू शेतीवरील इंग्रजी ग्रंथ १९४४ मध्ये प्रसिद्ध झाला.

या प्रयोगांतून ‘मुंबई पद्धत’ सिद्ध झाली. समपातळीवर बांध घालावेत, दोनतीन वर्षांतून एकदा खोल नांगरट करावी, शेणखत द्यावे, पावसाळ्यात वारंवार कुळवणी करावी, बियाणे कमी वापरून ओळींत अंतर अधिक ठेवावे आणि पेरणीनंतर कोळपणीने भेगा बुजवाव्यात, असे तिचे सूत्र होते. पडलेले पाणी जमिनीत मुरवावे आणि मुरलेली ओल पिकासाठी राखावी, हा त्यामागील विचार.

१९४२ च्या जमीन सुधारणा योजना कायद्याने बांधबंदिस्तीला सरकारी बळ मिळाले. परंतु खोल काळ्या रानात पाणी सावकाश मुरते. बांधाआड ते तुंबे, पीक पिवळे पडे. कधी भेगांतून वाट काढून बांधच फुटे. शिवाय समपातळीची रेषा मालकीची हद्द जाणत नाही. पुढे अशा जमिनींसाठी किंचित उतार देऊन जादा पाणी सुरक्षित बाहेर काढणाऱ्या बांधांची शिफारस झाली.

शासकीय सेवेत असताना अशा कामांच्या कित्येक फायली माझ्या हातांखालून गेल्या. त्यांत बांधाची लांबी चोख नोंदलेली असे. रानात किती ओल टिकली, याचा रकानाच नसे. त्या कागदांवर मीही निमूटपणे सह्या केल्या.

१९७० मध्ये हैदराबादहून कोरडवाहू शेतीचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प सुरू झाला. शास्त्र पुढे गेले आहे. तथापि एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, हे शहाणपण कोणत्याही कायद्याने रानात उतरत नाही. त्यासाठी शेतकऱ्याला विचारावे लागते, आणि आम्ही बहुधा तेवढेच केले नाही.